मॅच हरली की घरात काय होतं?

"मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या एकाच टीमच्या. आबांचे वडील तालमीतले, आबा स्वतः खेळले, मी मंडळाचं काम बघतो. आणि हे पोरगं म्हणतंय, मला स्टेडियमवर यायचंच नाही. रात्री दीड वाजता मोबाईलवर लिव्हरपूल मात्र बघतंय. आमच्यामागं टीमचं नाव घेणारं घरात कोण राहणार, सांगा की."

मी कोल्हापुरात समुपदेशक आहे. फुटबॉलचा हंगाम रंगात आला की या अर्थाची तक्रार माझ्याकडे येतेच. बहुतेक वेळा वडील घेऊन येतात, आणि बहुतेकांनी निदान घरूनच करून आणलेलं असतं: मोबाईल. हे गृहस्थ पंचेचाळिशीचे, उद्यमनगरात लेथ चालवणारे, मुलगा नववीत. कोल्हापुरात पेठ आणि जर्सीचा रंग एवढं सांगितलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून त्या दोन्ही गोष्टी इथं येणार नाहीत. बाकीचे तपशीलही थोडे बदलले आहेत.

बाहेरगावच्या वाचकांना यात एवढं काय, असं वाटेल. इथल्या बऱ्याच टीम मुळात कुस्तीच्या तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं आजही 'तालीम मंडळ' म्हणूनच घेतली जातात. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) वरिष्ठ लीगमध्ये सोळा संघ, सगळ्या मॅच शाहू स्टेडियमवर, आणि मॅच असली की त्या दिवशी पेठेत दुसरा विषय नसतो. मोठ्या संघांकडे गोव्याचे, बंगालचे, नायजेरियाचे खेळाडू येऊन गेले. या घराची टीम त्यातली नव्हे. बाहेरचा खेळाडू आणायला पैसे नाहीत; गल्लीतली पोरं आणि वर्गणी यांच्यावर चालणारी टीम. हंगामाच्या शेवटी चषक कुणाचा, यापेक्षा आपण सोळात राहतो का, याचीच काळजी. अशा टीमला समर्थक मोजकेच, त्यामुळे घरातलं एक पोरगं कमी झालं तरी बापाला ते कळतं.

मुलाची आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅच असली की ह्याचं पोट दुखतं. मागच्या वेळी तर सकाळी उलटी झाली. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही."

वडिलांच्या मते हे ढोंग. माझ्यासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच होती. लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या क्लबच्या मॅचला दुखत नाही आणि इथल्या मॅचला दुखतं, तर मोबाईलला दोष देऊन काय उपयोग? शिवाय अशी पोटदुखी बहुतेक वेळा खरीच असते. ताणाचा परिणाम पोटावर होतो आणि मुलांमध्ये तो फार लवकर दिसतो.

मुलाशी एकट्यानं बोलले. सुरुवातीला "आवडत नाही" यापलीकडे काही नाही. मग मी टीमबद्दल सहज विचारलं, तर त्याला सगळं पाठ होतं. गुण किती, कुणाचा गुडघा दुखावलाय, कुठली मॅच जिंकलीच पाहिजे. ज्या मुलाला टीमशी देणंघेणं नाही, त्याला हे कशाला माहीत असेल? म्हणून विचारलं, मॅच हरली की घरात काय होतं?

तो न अडखळता सांगत गेला. पप्पा गाडी जोरात आणतात. जेवत नाहीत. आई टीव्ही बंद करते. आजी हळूच सांगते, आज काही मागू नकोस. आबा लवकर झोपतात. "पण पप्पा मारत नाहीत हं," हे त्यानं आपणहून सांगितलं. मुलं अशा वेळी आईबापांची बाजू फार सांभाळतात.

मग दुसरी गोष्ट निघाली. आदल्या हंगामात तो वडिलांबरोबर गेला होता. त्यांच्या टीमच्या बॅकच्या, म्हणजे बचावातल्या खेळाडूच्या चुकीनं गोल झाला आणि वडिलांनी त्या बॅकला आईवरून शिव्या घातल्या. "तो दादा आमच्या गल्लीतला आहे. मला सायकल त्यानं शिकवली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात दिसला, तर मी मागं फिरलो."

"आणि लिव्हरपूल हरलं तर?"

"लिव्हरपूल हरलं तर आमच्या घरात सगळे जेवतात."

मला वाटतं, छोट्या टीमची सगळी गंमत आणि सगळी अडचण या मुलानं त्या दोन उत्तरांत सांगून टाकली. लिव्हरपूलच्या खेळाडूला कितीही शिव्या घाला, तो सकाळी पावभाजीच्या गाड्यावर आपल्याशेजारी उभा राहत नाही. पेठेतल्या टीमचा बॅक दुधाच्या पिशव्या घ्यायला आपल्याच दुकानात येतो, त्याची आई आपल्या आईबरोबर भिशीत असते. मोठ्यांनी स्टेडियमवर बोलायचं आणि बाहेर पडताच विसरायचं, ही सवय वर्षांनुवर्षांची. चौदा वर्षांच्या मुलाला ती नसते. त्याच्यासाठी मॅच संपली तरी दुसरा दिवस उरतोच.

१९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजची टीम जिंकली की सोमवारी जास्त विद्यार्थी कॉलेजचं नाव असलेले कपडे घालून येत. आणि मॅचविषयी सांगताना जिंकल्यावर 'आपण जिंकलो' असा सूर, हरल्यावर मात्र 'ते हरले'. माणसाला यशाजवळ उभं राहायला आवडतं. आमच्या लेथवाल्यांचं उलटं होतं. ते हरल्यावरही 'आपणच हरलो' म्हणत. ही निष्ठा खरी, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण या पराभवाचा भार ते एकटे उचलत नव्हते. घरातले सगळे उचलत होते, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुलाच्या परवानगीनं हे वडिलांना सांगितलं. ते आधी चिडले. "ईर्षाच नसेल तर फुटबॉल बघायचा कशाला, मॅडम? भजनाला जाऊ की मग." त्यांचं म्हणणं मला पटलं. कोल्हापूरच्या माणसाला स्टेडियमवर शांत बसा असं सांगणारा समुपदेशक इथं फार दिवस टिकायचा नाही. मी दोनच गोष्टी मागितल्या. हरल्यावर सगळ्यांबरोबर ताटावर बसायचं, बोलला नाहीत तरी चालेल. आणि आपल्या खेळाडूचं नाव घेऊन, त्याच्या आईबहिणीवरून शिवी द्यायची नाही.

"आणि रेफ्रीला?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मग म्हणाले, "आमच्या आबांनीबी असंच केलंय. मला काय झालं?" म्हणून पुढच्या वेळी आबांना बोलावलं.

आबा पंचाहत्तरीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी टोपी. लेकानं सांगितलेलं 'तीन पिढ्या' हे त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "कुठल्या तीन? आमचं मूळ घर दुसऱ्या पेठेतलं. माझे वडील त्या तालमीत कुस्ती करायचे. मी पण तिकडंच खेळायचो, पण मला अकरात कोण घेत न्हवतं. लग्नानंतर इकडं भाड्यानं राहायला आलो. ह्या टीमला बॅक पाहिजे होता. माझ्या पायात बूट न्हवते. पोरांनी वर्गणी काढून बूट घेतले. ज्यांनी बूट घेतले त्यांच्यात मी राहिलो."

वडिलांना ही हकिकत तुकड्यातुकड्यांनी माहीत होती, पण घराण्याचा इतिहास सांगताना ती कधी हिशेबात धरली गेली नव्हती. नातवानं मात्र लगेच विचारलं, "मग जुन्या पेठेतले काय म्हणाले?"

"दोन वर्षं बोलत न्हवते. मग बोलाय लागले."

घराण्याची निष्ठा म्हणून जे आपण मुलांपुढं ठेवतो, त्याच्या मुळाशी बरेचदा असाच कुणाचा तरी स्वतःचा निर्णय असतो. आबांना कुणी ही टीम वारशानं दिली नव्हती. त्यांना जागा मिळाली, कुणीतरी त्यांच्यासाठी खिशात हात घातला. मुलाला वारस म्हणून सांभाळायला देण्याऐवजी टीममध्ये जागा दिली तर काय होतं, हे बघायचं ठरलं. (जाता जाता: या मुलाला एक थोरली बहीण आहे. पिढ्या मोजताना आजी, आई आणि ती, तिघींपैकी कुणाचंच नाव आलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडं बघायला लागले. त्यावर वेगळं लिहीन.)

जागा म्हणजे काय, हे मुलानंच ठरवलं. त्याला मॅचला नाही, सकाळच्या सरावाला जायचं होतं, आणि तेही सायकल शिकवणाऱ्या त्या दादाबरोबर. सरावात शिव्या कमी आणि धावणं जास्त, आणि पराभव तर नाहीच. काही आठवड्यांनी तो स्वतःच म्हणाला, मॅचला येतो. पण पप्पांशेजारी बसणार नाही. सरावाच्या पोरांबरोबर बसणार.

इथं वडिलांना खरं दुःख झालं. इतके दिवस ते चिडत होते, त्या दिवशी डोळे भरून आले. लेकाला शेजारी बसवून मॅच बघायची, हेच तर त्यांचं स्वप्न. मी विचारलं, तुम्ही पहिल्यांदा स्टेडियमवर कुणाबरोबर गेलात? आबांबरोबर नाही. गल्लीतल्या पोरांबरोबर, घरी न सांगता. हे त्यांनी नाइलाजानं मान्य केलं. पेठेत टीमचं वेड बापाकडून जेवढं येतं, तेवढंच बरोबरीच्या पोरांकडून येतं. बाप ते घरात आणतो, टिकवतात मित्र.

आईच्या अटी निराळ्या आणि माझ्या मते सगळ्यात रास्त होत्या. मॅचनंतर स्टेडियमबाहेर होणारी हुल्लडबाजी, ढकलाढकली, त्यातून पोरांवर नोंद होणारे गुन्हे हे सगळं त्या वाचत होत्या. म्हणून ठरलं की शिट्टी वाजली की मुलगा गेटवर वडिलांना भेटणार आणि दोघं गाडीवरून थेट घरी. घोषणा देत पेठेत फिरायचं नाही. दुसरी अट झोपेची. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेची मॅच आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला नाहीतर दीडला सुरू होते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि सकाळी सरावाला जायचं तर हे गणित बसतच नाही. मधल्या वारी मोठी मॅच असली तर दुसऱ्या दिवशी हायलाइट्स, शनिवार-रविवारी बाकी सूट. मुलानं थोडी घासाघीस केली, मग मानलं.

लिव्हरपूल सोड, असं मी त्याला सांगितलं नाही, वडिलांनाही सांगू दिलं नाही. वर्ल्डकप आला की अर्धं कोल्हापूर ब्राझील आणि अर्धं अर्जेंटिना होतं. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना जिंकल्यावर याच गृहस्थांनी फटाके उडवले होते. त्यांच्या छातीत पेठेची टीम आणि मेस्सी एकत्र मावतात, तर पोराच्या छातीत का मावू नयेत? अनिकेत जाधव कोल्हापूरचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. जगातला फुटबॉल आणि पेठेतला फुटबॉल यांच्यात कुंपण कोणी घातलंय?

सगळे प्रश्न सुटले असं नाही. हंगामाच्या उत्तरार्धात टीम एक महत्त्वाची मॅच हरली. मुलानं मला सांगितलं, "पप्पा जेवले. बोलले नाहीत, पण जेवले." एकदा शिवी सुटली, तेव्हा पलीकडच्या स्टँडवरून मुलगा बघत होता, हे त्यांनी स्वतः सांगितलं. पोटदुखी थांबली आहे, एखाददुसरा अपवाद सोडून.

इतर आईवडील मला विचारतात, कितव्या वर्षी न्यायला सुरुवात करावी? माझ्याकडे ठरलेलं वय नाही. मी विचारते, मधेच घरी जाऊ या म्हणालं तर तुम्ही उठाल का? उठणार असाल तर पाच वर्षांचंही चालेल. उठणार नसाल तर बारा वर्षांचंही नको. आणि हरल्यावर घरात दारू, मारहाण, तोडफोड होत असेल, तर त्याला फुटबॉलचा नाद म्हणून सोडून देऊ नका. टीम जिंकायला लागल्यानं ते थांबत नाही. त्यासाठी मोठ्या माणसानं स्वतः मदत घ्यायला यावं, पोराला पुढं करू नये.

लेथवाल्या गृहस्थांचं आणि माझं एका मुद्द्यावर अजून जमलेलं नाही. मुलाला पुढच्या हंगामात मंडळाच्या कामाला लावावं, असं त्यांच्या मनात आहे. वर्गणीची पावतीपुस्तकं त्यांनी जवळजवळ त्याच्या हातात दिलीच होती. मी म्हणते दहावी होऊ दे, आणि तो मागेल तेव्हा द्या. ते म्हणतात, मॅडम, मागायची वाट बघत बसलो तर वर्गणी कोण गोळा करणार?