कूली म्हणजे मजुरी, मग ती शिवी कशी झाली?

एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. त्यांचा धाकटा भाऊ कंपनीच्या कामाने डर्बनला गेलाय, तिथं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हलवायचं चाललेलं, खोकी जड होती म्हणून हा सहज इंग्रजीत म्हणाला की दोन कुली बोलवूया का, तर शेजारी उभा असलेला सहकारी, ज्याचं घराणं चार पिढ्यांपूर्वी मद्रासकडून तिकडं गेलेलं, तो एकदम गप्प झाला आणि पुढं दोन दिवस नीट बोलला नाही. ताई म्हणतात, आपल्याकडं स्टेशनवर कुली म्हणतात, पिक्चरमध्ये म्हणतात, मग यात एवढं काय वाईट, आणि कुली न हमाल यात फरक काय?

ताई, आधी सरळ सांगतो, वाईट आहे, आणि दक्षिण आफ्रिकेत तर फारच वाईट. तिथं तो कामाचा शब्द राहिलेलाच नाही. माणूस डॉक्टर असो, वकील असो नाहीतर दुकानदार, तो भारतीय वंशाचा आहे म्हणून त्याला हिणवायची ती शिवी आहे. तुमच्या भावाच्या मनात तसं काही नव्हतं हे मी मानतो, पण ऐकणाऱ्याला त्याच्या आजोबांनी काय ऐकलं ते आठवलं असणार.

आता शब्दाकडं येतो, आणि इथं आपण सोलापूरकर नशीबवान, कारण या शब्दाचं मूळ आपल्या गल्लीत रोज ऐकू येतं. आमच्या शेजारी पूर्व भागात एक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजी होत्या, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, मुलगा यंत्रमागावर. पगाराच्या दिवशी तो दारात चपला काढतोय तोवरच आजी आतून विचारायच्या, "कूली वच्चिंदा?" मला लहानपणी वाटायचं की यांच्याकडं कुणी हमाल यायचाय आणि तो कधी येतच नाही. मग एकदा बघितलं, मुलाने खिशातून नोटा काढून आजींच्या हातात ठेवल्या, आजींनी त्या देवापुढं ठेवल्या, कुंकू लावलं आणि मग पदराच्या गाठीला बांधल्या. कूली म्हणजे मजुरी! कष्टाचे पैसे. "मजुरी आली का?" एवढंच त्या विचारत होत्या. अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या शेतमजूर बायका पण कामाला जायच्या आधी "कूली एष्टु?" विचारतात, म्हणजे मजुरी किती. तमिळमध्ये पण कूली म्हणजे मजुरीच.

आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की या भाषांना मजुरी घेणारा माणूस म्हणायचा असेल तर पुढं माणूस जोडावा लागतो. कानडीत कूलिकार, कूलियाळु, तेलुगूत कूलिवाडु, तमिळमध्ये कूलियाळ. त्यातला आळ, आळु म्हणजे माणूसच. शब्द इंग्रजीत गेला तेव्हा हा जोडलेला माणूस गळून पडला आणि नुसती मजुरी उरली, म्हणजे माणसाला हाक मारायची ती त्याच्या किमतीने. (आता तेलुगूत पण मजुराला नुसतं कूली म्हणतात, ते मान्य, पण तिथं मजुरी हा अर्थ अजून जिवंत आहे, इंग्रजीत तो कधी नव्हताच.) गिरणीच्या जुन्या इंग्रजी रिपोर्टात पण बघा, कामगार मोजायचे ते 'हँड्स' म्हणून, अमुक मिलमध्ये इतके हँड्स, म्हणजे हात मोजले, माणसं नाही. चाल तीच.

दुसरा एक तर्क असा आहे की हा शब्द गुजरात किनाऱ्यावरच्या कोळी जमातीच्या नावावरून आला आणि पोर्तुगीजांनी तो पुढं नेला. यूल आणि बर्नेल या दोन ब्रिटिशांनी 1886 साली अँग्लो-इंडियन शब्दांचा जो कोश काढला त्यात दोन्ही मतं दिलेली आहेत. दोन्ही प्रवाह मिसळले असं म्हणणारेही आहेत. मला मजुरीवाली बाजू जास्त पटते, पण त्यावर भांडणार नाही.

शिवी कशी झाली ते मात्र स्पष्ट आहे. गुलामगिरी कायद्याने बंद झाली, मळ्यांना स्वस्तात माणसं पाहिजे होती, म्हणून 1834 पासून मॉरिशसला आणि नंतर त्रिनिदाद, गयाना, फिजी असं सगळीकडं करारावर मजूर नेले. त्या अ‍ॅग्रिमेंटचंच गिरमिट झालं (सुताराचं गिरमिट वेगळं). दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या ब्रिटिश वसाहतीत, डर्बन बंदरात, पहिलं जहाज 'ट्रुरो' 16 नोव्हेंबर 1860 ला मद्रासहून पोचलं. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग पगार, आणि प्रत्येकाला एक नंबर. आजही तिथली घराणी आपला पणजोबा शोधतात तो या नंबरावरून. नंतर स्वतःच्या पैशाने गेलेले व्यापारी आले, शिकलेले आले, तरी गोऱ्यांच्या तोंडी सगळे कुलीच. गांधीजी 1893 ला तिथं पोचले तर ते 'कुली बॅरिस्टर'! म्हणजे तोवर कामाशी संबंध पार सुटला होता, रंग आणि वंश बघून शब्द लावला जात होता. मॉरिशसमध्ये जिथं मजूर उतरायचे त्या जागेला कुली घाट म्हणायचे, तिथल्या लोकांनी ते नाव बदलून आप्रवासी घाट केलं आणि 2006 साली ती जागा जागतिक वारशाच्या यादीत आली. त्या मजुरांत आपल्या कोकणातली मराठी माणसं पण होती बरं का, त्यांची पोरंबाळं आजही तिथं मराठी म्हणवतात.

आता हमाल. हा अरबीतून आलेला, अर्थ वाहणारा, ओझं उचलणारा. मजूर फारसीतला, मुज्द म्हणजे वेतन, ते घेणारा तो मजूर. म्हणजे दोन्ही शब्दांत करणारा माणूस शिल्लक आहे. 1969 चा आपल्या राज्याचा कायदा सुद्धा माथाडी, हमाल अशी नावं घेऊनच केलेला आहे आणि कांद्याच्या मार्केटात हमाल स्वतःला हमालच म्हणवतात, त्यात त्यांना कमीपणा नाही. पण "मी काय तुझा हमाल आहे का" हे आपण घरात सर्रास बोलतो ना, ते मला खटकतं, चांगल्या शब्दाला आपणच खाली ढकलतोय.

कुली हा मराठीत तसा हिंदीतून आलेला, आपल्या स्टेशनवर जुनी माणसं हमालच म्हणतात. रेल्वेने 2016 च्या बजेटमध्ये, सुरेश प्रभू मंत्री असताना, कुलीऐवजी 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं. तो शब्द लोकांच्या तोंडी फारसा बसला नाही, पण निदान सरकारला ते टोचलं हे मला बरं वाटलं.

तेव्हा ताई, भावाला सांगा, सामान उचलायला माणूस पाहिजे असेल तर तिकडं पोर्टर म्हण, ऑफिस हलवायचं असेल तर मूव्हर्स म्हण. सहकाऱ्याला "आमच्याकडं चालतं" असली सफाई देत बसू नको म्हणावं, चुकलं, माहीत नव्हतं, एवढं समोर जाऊन बोलावं. त्याने विचारलं तरच आजींची कूली सांगावी, त्याच्या पणजोबांच्या भाषेतला शब्द आहे तो, आवडेल त्याला. आणि इथं सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर मी तर "ओ मामा, दोन बॅगा आहेत, किती घ्याल?" असंच म्हणतो, सगळे ओ देतात.