दोन वाक्यं जोडायला सांधा एकच

प्रश्न: मॅडम नमस्कार, मुलगी दहावीला आहे, मी स्वतः मराठी मीडियमची. परवा तिने ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ असं लिहिलं तर मार्क कापले. मला तर ते बरोबरच वाटतं, जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो असंच बोलतो ना आपण? आणि कम्पाऊंड वाक्य ओळखायचं कसं, ती म्हणते अँड दिसलं की कम्पाऊंड लिहायचं.

उत्तर: ताई, मार्क कापले ते बरोबरच आहे, पण तिची चूक का झाली ते तुम्ही स्वतःच सांगितलंत, ती चूक मराठीतून आलीय. आपल्याकडे जरी-तरी ही जोडी चालते, इंग्लिशमध्ये मात्र दोन वाक्यांना एकच सांधा. ऑल्दो लावलं की ते वाक्य गौण झालं, दुसऱ्याच्या आधाराने उभं राहिलं, आणि बट तर दोन बरोबरीची वाक्यं जोडतो, मग दोघं एकत्र कसे नांदणार? एक काढून टाका. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू स्कूल’ हे कॉम्प्लेक्स, ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ हे कम्पाऊंड, अर्थ तोच. बिकॉज आणि सो एकत्र लिहितात मुलं, तिथेही हेच. (जुन्या पुस्तकांत ऑल्दोबरोबर येट दिसेल, ते चालतं, बट नाही.)

तुम्ही शाळेत प्रधानत्वबोधक उभयान्वयी अव्ययं, म्हणजे दोन बरोबरीची वाक्यं जोडणारे शब्द, शिकला असालच, आणि, किंवा, पण, म्हणून. तीच इथे अँड, ऑर, बट, सो. त्यात फॉर, नॉर, येट घातले की सात झाले, पहिली अक्षरं जोडून मुलं फॅनबॉइज असं पाठ करतात. पाठ करू दे, पण नुसतं अँड बघून उत्तर लिहू देऊ नका हो, हे मी कळकळीने सांगते. ‘मीना अँड टीना वेंट टू पुणे’ यात अँडने फक्त दोन नावं जोडलीत, क्रियापद एकच, म्हणजे सिंपल. ‘मीना वेंट टू पुणे अँड टीना स्टेड होम’ यात मात्र अँडवर बोट ठेवून झाका, दोन्हीकडे कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य उरतं, म्हणून हे कम्पाऊंड.

‘मीना केम होम अँड स्लेप्ट’ असं आलं की घोळ होतो, कारण दुसरा कर्ता लिहिलेलाच नाही. बरीच व्याकरणं याला सिंपल म्हणतात, आपल्याकडच्या शाळांत मात्र कर्ता अध्याहृत, म्हणजे न लिहिताही आहेच असं, धरून कम्पाऊंडही म्हणतात, तेव्हा परीक्षेपुरतं तिच्या सरांना एकदा विचारूनच घ्या.

आणि हाउएव्हर हे बटसारखं वाटलं तरी उभयान्वयी नाही, त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम देऊन दोन वाक्यं जोडता येत नाहीत, तिथे अर्धविराम किंवा सरळ पूर्णविराम द्यायला सांगा तिला.