कर्ज तीन वर्षांचं, करार दीड वर्षाचा

भोसरीच्या एका वाचकाचं पत्र आहे, थोडक्यात असं: "वय २६, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. नोकरी तीन वर्षांच्या करारावर, त्यातली दीड वर्षं झाली. हातात ३६,००० पडतात. जुन्नरजवळ गावी १२,००० पाठवतो, खोलीचे ६,५००, मेसचे ५,०००, मोबाईल आणि किरकोळ २,५००. बँकेत ९०,००० ची एफडी आहे. वडिलांची २०१४ ची स्प्लेंडर वापरतो, ती अजून नीट चालते. पण कॉलेजपासून यामाहा आर१५ डोक्यात बसली आहे. शोरूमचं कोटेशन ऑन रोड २,०५,०००. ३५,००० भरायचे, उरलेल्या १,७०,००० ला नऊ टक्के व्याज, तीन वर्षं, हप्ता ६,०००. मन वळवायचं म्हणून अपाची आरटीआर १६० फोरव्हीचंही कोटेशन घेतलं, ते १,५३,०००. वडील म्हणतात, चालती गाडी असताना कर्ज कशाला? मित्र म्हणतात, जीएसटी कमी झालाय, आत्ताच घे. तुम्ही सांगा."

माझं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. आर१५ आत्ता घेऊ नका. अपाची घ्या, पण बारा महिन्यांनी, आणि दोनतृतीयांश रक्कम स्वतःची घालून.

वडिलांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. तुम्ही रोज ४० किलोमीटर जाता-येता, महिन्याचे हजार. गावच्या फेऱ्या धरल्या तर वर्षाला १४,००० किलोमीटर होतात. मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत शिफ्ट सुटायच्या वेळी काय होतं हे मी रोजच्या रोज अशिलांकडून ऐकतो. ज्या गाडीवर माणूस दिवसाचे दोन तास काढतो, ती चांगली असावी, तिचा ब्रेक नीट लागावा, ती चालवताना बरं वाटावं, यात उधळपट्टी काहीच नाही. स्प्लेंडरच्या ड्रम ब्रेकपेक्षा एबीएस असलेली डिस्क त्या हायवेवर नक्कीच जास्त भरवशाची. हौस रास्त आहे. प्रश्न ती कशाच्या जोरावर भागवायची, एवढाच आहे.

आणि तिथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. कर्ज तीन वर्षांचं आहे आणि तुमच्या नोकरीचा करार दीड वर्षाचा उरला आहे. म्हणजे ३६ हप्त्यांपैकी निम्मे हप्ते अशा पगारातून जाणार आहेत, जो पगार अजून तुम्हाला कुणी कबूल केलेला नाही. करार पुढे वाढेलही. तुमचं काम चांगलं असेल तर वाढावाच. पण चाकणमध्ये ऑर्डर कमी झाल्या की आधी कोणाचे करार थांबतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता हे नऊ टक्के काय आहेत ते बघू. १,७०,००० वर नऊ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज ४५,९००. ते मुद्दलात मिळवून ३६ ने भागलं की बरोबर ६,००० च्या आसपास हप्ता येतो. म्हणजे हा फ्लॅट दर आहे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १,७०,००० वर मोजलं जातं. घटत्या शिलकीवर मोजला तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो. शोरूममधला मुलगा खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याने तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो आणि त्यावर प्रोसेसिंग फीसकट खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. सही करायच्या आधी तो कागद मागा. कोणतंही कर्ज घ्या, मागाच.

डाउन पेमेंट आणि सगळे हप्ते मिळून आर१५ तुम्हाला २,५०,९०० ला पडते.

मित्रांच्या जीएसटीबद्दल एकच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, त्याने करासह किंमत साधारण पावणेआठ टक्के उतरली. पण तो कराचा दर आहे, दिवाळीची ऑफर नाही. त्यासाठी धावत सुटायचं कारण नाही.

खरा खर्च शोरूमच्या बाहेर सुरू होतो. पेट्रोलची लोकांना सगळ्यात जास्त धास्ती असते, पण तुमच्या बाबतीत फरक तिथे फार नाही. लिटरला १०४ रुपये धरले आणि स्प्लेंडर ६० देते, नवी गाडी ४५ देईल असं मानलं, तर महिन्याला २,००० च्या जागी २,७०० लागतील. सातशे रुपये. हे सोसण्यासारखं आहे.

देखभालीचं तसं नाही. वर्षाला १४,००० किलोमीटर म्हणजे जवळजवळ तीन सर्व्हिसिंग. सुरुवातीच्या 'फ्री' सर्व्हिसिंगमध्ये मजुरी माफ असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात. आर१५ लिक्विड कूल्ड आहे, तेव्हा कूलंट आणि रेडिएटरकडेही बघावं लागतं. मागचा टायर १४०/७० आकाराचा रेडियल आहे. पुढचा-मागचा मिळून मी ८,००० धरतो आणि २५,००० किलोमीटरला बदलावा लागेल असं मानतो. चेनसेट ३,५०० चा, तो २०,००० ते २२,००० ला. ब्रेक पॅड, केबल, किरकोळ कामं वेगळी, आणि दुसऱ्या वर्षापासून स्वतःच्या नुकसानीचा विमा. हे सगळं वर्षावर पसरलं तर आर१५ ला महिना १,६०० आणि अपाचीला १,२०० बाजूला काढावे लागतील. हे माझे सावध अंदाज आहेत. तुमच्या सर्व्हिस सेंटरमधून सुट्या भागांचे दर विचारून आकडे बदला, पण रकाना रिकामा ठेवू नका.

मग बघा: हप्ता ६,०००, पेट्रोल २,७००, देखभाल १,६००. एकूण १०,३००. तुमचे ठरलेले खर्च वजा जाता हातात १०,००० उरतात. तीनशे कमीच पडले, आणि अजून चप्पल तुटलेली नाही, की घरी कुणी आजारी पडलेलं नाही.

आता यातली मेख. पहिलं वर्ष स्वस्तात जातं, कारण सगळंच नवं असतं. टायर आणि चेन येतात वीस हजारांच्या पुढे, म्हणजे तुमच्या वेगाने अठराव्या ते एकविसाव्या महिन्यात. नेमका तेव्हाच तुमचा करार संपतो. हे दोन खर्च आणि कराराचा शेवट एका जागी येताहेत, हे तुमच्या पत्रावर पेन्सिलने वर्षं मांडेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

अशा वेळी माणूस हप्ता चुकवत नाही, कारण बँकेचा फोन येतो. तो चेन लांबवतो, टायर अजून दोन महिने ओढतो. मीही ते केलं आहे. माझी पहिली दीडशे सीसीची गाडी हप्त्यावर होती आणि एका पावसाळ्यात ताणलेली चेन मी 'पुढच्या पगाराला बघू' म्हणून तशीच चालवली. नाशिक फाट्याजवळ ती स्प्रॉकेटवरून उतरली आणि मागचं चाक अडकलं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहितो आहे. वेगवान गाडीची देखभाल ही हौसेतली गोष्ट नाही. जी गाडी नीट राखणं परवडत नाही, ती घेणं परवडत नाही, मग हप्ता कितीही बसत असो.

चेनचा विषय निघालाच आहे तर सांगतो: स्प्लेंडरची चेन बंद कव्हरमध्ये असते, या दोन्ही गाड्यांची उघडी. दर ५०० किलोमीटरला साफ करून ल्यूब मारायचं, तुमच्यासाठी पंधरा दिवसांनी एकदा, पावसाळ्यात आठवड्याला. मेन स्टँड नसलेल्या गाडीला पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) लागतो, तो खर्चात धरा. काम अर्ध्या तासाचं आहे आणि डिप्लोमा केलेल्या माणसाला शिकवायची गरज नाही.

दोन गाड्यांत अपाची का, हेही पैशाच्या बाजूनेच सांगतो. दिसण्याच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालणार नाही. आर१५ ला चहूबाजूंनी प्लास्टिकचं फेअरिंग आहे. चाकणच्या रांगेत गाडी जागच्या जागी जरी आडवी झाली तरी पॅनेल जातं. साध्या विम्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट कापतात, म्हणजे अर्धं बिल तुमचं. ते टाळायला झिरो डेप, म्हणजे घट न कापणारा विमा, घ्यावा लागतो, त्याचा हप्ता जास्त. अपाचीला असं फारसं अंगावर काही नाही. हँडल सरळ आहे, मनगटावर भार येत नाही, आणि आईला नारायणगावच्या एसटी स्टँडवर सोडायचं असेल तर ती मागच्या सीटवर बसू शकेल. आर१५ च्या मागच्या सीटवर तिला बसवून बघा एकदा.

थर्ड पार्टी विम्यात मात्र दोघी सारख्याच. १५० सीसीची रेषा दोन्ही ओलांडतात. २०२२ च्या दरांनुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता ७५ ते १५० सीसीला ३,८५१ आणि त्यावर ३५० पर्यंत ७,३६५, वर जीएसटी. पाच-दहा सीसीसाठी जवळजवळ दुप्पट. हा फरक टोचत असेल तर १४९ सीसीच्या गाड्याही एकदा चालवून बघायला हरकत नाही.

जुनी आर१५ घेण्याचा विचार तुमच्या मनात येईलच. मी नको म्हणेन. अशा गाड्या बहुधा दामटलेल्या असतात आणि ते मीटरवर दिसत नाही. तरीही घेतलीतच तर फोर्कच्या सीलमधून तेल येतं का आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खडखडतो का ते बघा. बाकी ई-चलन तपासा, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेता 'नो क्लेम बोनस आहे' म्हणाला तर तो त्याचा आहे, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही.

आता बारा महिन्यांचं गणित. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ६,००० ची आरडी सुरू करा, आर१५ चा जेवढा हप्ता होता तेवढीच. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाने ७४,५०० होतील. एफडीतले ३०,००० त्यात घाला, ६०,००० ला हात लावू नका. १,०४,५०० झाले. अपाचीची किंमत तोवर थोडी वाढेल, पण आजचीच धरली तर कर्ज सुमारे ५०,००० चं उरतं. बँकेतून घटत्या शिलकीवर अकरा टक्क्यांनी एका वर्षासाठी घेतलं तर हप्ता ४,४०० आणि एकूण व्याज ३,००० च्या आसपास. कुठे ४५,९०० आणि कुठे ३,०००.

त्या वर्षी हप्ता, पेट्रोल, देखभाल मिळून ८,३०० जातील, १,७०० उरतील. आणि करार सहा महिन्यांनी संपलाच, तर उरलेले सहा हप्ते २६,५०० चे असतील. ते ६०,००० मधून फेडूनही काही महिन्यांची खोली आणि मेस निघेल. गाडी दारात राहील. आर१५ च्या बाबतीत याच प्रसंगी अजून अठरा हप्ते, एक लाखाहून जास्त, डोक्यावर असते.

गावी जाणारे १२,००० बघून आणखी एक लिहितो. तुम्हाला काही झालं तर ते थांबतील. गाडीबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो अपघातापुरता. ५० लाखांची टर्म पॉलिसी तुमच्या वयाला महिना हजाराच्या आत मिळेल, आणि वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावर आता जीएसटी नाही. कंपनीचं मेडिकल कव्हर करार संपला की संपतं, म्हणून स्वतःची छोटी आरोग्य पॉलिसीही बघा. हे आरडीच्याही आधी. तुमच्याकडे या वर्षी स्प्लेंडरचे पेट्रोल-देखभाल मिळून २,६०० आणि आरडीचे ६,००० जाऊन १,४०० उरतात. टर्मचा हप्ता त्यात बसतो.

आणि हे वर्षभर तुम्ही ज्या गाडीवर बसणार आहात ती स्प्लेंडर आहे, तेव्हा तिची हेळसांड करू नका. आरसी २०२९ पर्यंत आहे, म्हणजे वडिलांना गावात पुढेही उपयोगी पडेल. या महिन्यात ब्रेक शू आणि मागचा टायर बघून घ्या. एचएसआरपी नंबरप्लेट बसवली नसेल तर बसवा, २०१४ च्या गाडीला ती लागतेच. हेल्मेट मात्र नव्या गाडीची वाट न बघता आजच चांगलं घ्या, आयएसआयचं, आयएस ४१५१ छापलेलं. पुढे अपाचीवरही तेच चालेल.