घाटाच्या पहिल्या सायकल शर्यतीआधी
भावा, संभाजीनगरहून दौलताबादपर्यंत रस्ता तसा सोपा. तिथंच पोरं गर्दीच्या नादानं दम घालवतात. तू घालवू नकोस. किल्ला मागे पडला की खुलताबादचा घाट लागतो. चढ लागायच्या आधीच गिअर हलका कर. ऐन चढावर पायडलवर जोर देत बदललास तर चेन उतरते. माझी उतरली होती, नेमकी दरवाजाच्या कमानीखाली, अन् मागून सगळे ओरडतायत! दोन शब्द बोलता येतील एवढाच दम लागू दे. मीठ-साखरेचं पाणी तहान लागायच्या आधीच घोट घोट पी. वेरूळकडच्या उतारावर ब्रेक धरून ठेवू नकोस, रिम तापते. वळणाआधी दाब, सोड. अन् नवे बूट त्या दिवशी नकोच रे बाबा.