‘नुसता फ्लेवर आहे, निकोटीन नाही’

मी समुपदेशक. अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक हल्ली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. दप्तरात व्हेप, म्हणजे वाफ ओढायची ई-सिगारेट, सापडला, पोरगा म्हणतो नुसता फ्लेवर आहे, निकोटीन नाही. खरं काय ते तपासून कुठे मिळेल?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक गृहस्थ तर ती वस्तूच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बोटाएवढी निळी नळी, आंब्याचा वास, खोक्यावर ठसठशीत ‘शून्य टक्के’.

“मॅडम, लॅबचं नाव सांगा. पैशाचं बघू नका. रिपोर्ट आला की त्याच्या पुढ्यात टाकतो.”

“लॅबला काय तपासायला सांगणार?”

“निकोटीन.”

“आणि नाही निघालं तर? मग ओढू देणार?”

ते गप्प झाले. मग मी त्यांना अमेरिकेतलं सांगितलं. 2019 मध्ये तिथं वाफ ओढणारी धडधाकट पोरं फुप्फुसं सुजून दवाखान्यात भरती होऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत रुग्ण 2,807, मृत्यू 68. त्यातल्या 51 जणांच्या फुप्फुसातला द्रव तपासला, तर 48 जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट. बहुतेकांनी ओढला होता तो गांजाच्या अर्काचा चोरटा माल. त्यात हे घट्टपणासाठी मिसळलेलं. क्रीममध्ये चालतं, फुप्फुसात नाही. 2021 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी काय शोधायचं याची आधी यादी न ठरवता व्हेपचे चार ब्रँड तपासले, तेव्हा जवळपास 2,000 रसायनं दिसली. बहुतेकांची ओळखच पटली नाही. ओळखू आलेल्यांत कॅफिनही होतं, कीटकनाशकही. आपल्याकडे तर 2019 पासून ई-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी. म्हणजे येतो तो सगळा चोरीछुपे आलेला माल. त्याच्या खोक्यावरच्या छपाईचं काय घेऊन बसायचं?

“हळदीचं तेच आहे की,” ते म्हणाले. “हळदीतलं कर्क्युमिन विचारलं तर कर्क्युमिनच लिहून येतं. रंगासाठी कुणी लेड क्रोमेट, ते शिशाचं विषारी पिवळं, घातलं असलं तर ते वेगळं सांगून तपासावं लागतं.”

याच वाक्याची मी वाट बघत होते. “मग घरी मुलाला काय विचारता?”

“कुणी दिला? पैसे कुठले? कधीपासून? अजून कोण कोण आहे?”

“म्हणजे यादीच की, दादा.”

ते हसले. त्या बैठकीतलं पहिलं हसू. मी कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला वाचून घडलेली, उलटतपासणीपेक्षा माझा भरवसा ऐकण्यावर. पण हे मी सांगून पटलं नसतं, त्यांच्या धंद्याने पटवलं. अशी वाट शोधणं मला बरं जमतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या वेळी बापलेक दोघं आले. “काय चाललंय तुझं, सांग. मी मध्ये बोलत नाही,” एवढंच वडील म्हणाले आणि खरोखरच तोंडावर हात ठेवून बसले. पोरगा बराच वेळ बुटाची नाडी ओढत होता.

“पप्पा, त्यात काय आहे ते मलाच कळंना. शून्य लिहिलंय. पण रविवारी घरी असलो, ओढता आलं नाही, की संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. मम्मीसमोर ताट आपटलं ते त्यामुळंच. मला भीती वाटायला लागलीय.”

ताटाचा प्रकार घरात सगळ्यांनी माज म्हणून धरला होता. निकोटीनची तलफ अशीच दिसते: चिडचिड, झोप उडणं, अभ्यासात लक्ष न लागणं. ‘शून्य’ छापलेल्या द्रवात निकोटीन सापडल्याची उदाहरणं आहेतच.

तेव्हा लॅब शोधण्याआधी मुलासमोर बसा. दप्तराची झडती घेत राहिलात तर तो दुसरी जागा शोधेल. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तो खेकसणार, तेवढं पोटात घाला. 1800-11-2356 ही तंबाखू सोडवणारी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, फोन त्याला स्वतःला करू द्या. आणि दम लागला, छातीत दुखलं, खोकला-ताप हटेना किंवा उलट्या झाल्या तर लाज न धरता डॉक्टरांना व्हेपचं सांगा. न सांगितल्यास तो न्यूमोनियाच समजला जाऊ शकतो.