स्ट्रीट फायटर नव्याने शिकताना

या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये कॉम्बोच्या (एकापाठोपाठ जोडलेल्या फटक्यांच्या) मागे इतक्यात लागू नकोस. आधी र्‍यूचा हादोकेन (या लढवय्याने हातातून सोडलेला ऊर्जेचा गोळा) दोन्ही बाजूंनी सलग दहा वेळा न चुकता सुटू दे: खाली, तिरकं खाली-पुढे, पुढे आणि पंच. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले (तू दिलेल्या दिशा आणि बटणं पडद्यावर दाखवणारी सोय) चालूच ठेव. तिरका बाण उमटला नाही, तर नुसता पंच पडतो. पुढे चालत असताना हादोकेनऐवजी शोर्‍यूकेन (उडी घेत वर मारलेला ठोसा) निघतो, कारण आधीचं ‘पुढे’ही गेम मोजतो; जॉयस्टिकची काठी क्षणभर मध्यावर आण, मग खाली.

सुरुवात २०२३च्या सहाव्या भागापासून कर, त्यात शिकवणी छान आहे. पाचवा २०१६मध्ये आर्केड मोडशिवाय (संगणकाच्या लढवय्यांशी एकामागून एक लढण्याचा प्रकार) आला आणि एकट्याने खेळणारे नाराज झाले. तो मोड २०१८मध्ये मिळाला. आणि हो, १९९१च्या दुसऱ्या भागात कॉम्बो मुळात ठरवून ठेवलेले नव्हते, बनवणाऱ्यांना ते चाचणीत सापडले!