रँकिंगमधलं वेस्ट पॉइंट: तो आकडा नेमकं काय मोजतो

नमस्कार ताई. मुलगा अकरावीत, घर न्यू जर्सीत, आणि यूएस न्यूज या प्रकाशनाच्या कॉलेज-क्रमवारीच्या यादीत वेस्ट पॉइंट (अमेरिकी लष्कराचे अधिकारी घडवणारी अकॅडमी) थेट विल्यम्स-अ‍ॅमहर्स्ट या नामांकित कॉलेजांच्या पंक्तीला बसलेलं दिसतं. मग ते न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगपेक्षा वरचं समजायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी गेली काही वर्षं आपल्या मंडळातल्या मुलांना या अर्जांसाठी मदत करतो, म्हणून स्पष्टच सांगतो. वेस्ट पॉइंट फार चांगलं आहे, पण यादीतल्या नंबरावरून हा निर्णय घेऊ नका.

मुळात या दोन वेगळ्या याद्या आहेत. वेस्ट पॉइंट, अ‍ॅनापोलिसची नेव्हल अकॅडमी आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जची एअर फोर्स अकॅडमी 'नॅशनल लिबरल आर्ट्स कॉलेज' या गटात मोडतात, तर रटगर्स 'नॅशनल युनिव्हर्सिटी' गटात. न्यू लंडनची कोस्ट गार्ड अकॅडमी तिसऱ्याच, प्रादेशिक यादीत असते. एका यादीतला आठवा आणि दुसऱ्या यादीतला चाळिसावा यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. शिवाय 'लिबरल आर्ट्स' या नावावरून तिथे फक्त कला शाखेचे विषय असतील असं समजू नका. वेस्ट पॉइंटला इतिहास घेतलेल्या मुलालाही गणित, भौतिकशास्त्र आणि इंजिनिअरिंगचे काही विषय करावेच लागतात आणि पदवी बी.एस.ची, म्हणजे विज्ञानाचीच मिळते.

आता रँकिंगचे निकष बघा. डोक्यावरचं कर्ज? फी नाही, राहणं-जेवण सरकारचं, वर कॅडेटला दरमहा पगार. वेळेत पदवी? इतर कॉलेजांत पैसे संपले म्हणून किंवा नोकरी करत शिकायचं म्हणून मुलं मागे पडतात, इथे ते कारणच उरत नाही. पदवीनंतरची कमाई? सेकंड लेफ्टनंटचा पगार कायद्याने ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळतो, कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यालाही तोच आणि इतिहासवाल्यालाही तोच. फोर्ब्सने २००९ साली वेस्ट पॉइंटला देशात पहिलं ठरवलं, तेव्हा त्यांच्या पद्धतीत विद्यार्थ्यांच्या कर्जाला चांगलंच वजन होतं. सरकारने खर्च उचलला की हे रकाने आपोआप भरतात. वर्गात कसं शिकवतात ते त्यातून कळत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती प्रवेशाच्या टक्क्यांत. दहा-बारा टक्के हा आकडा वाचून मुलं घाबरतात. वेस्ट पॉइंट स्वतःच्या माहितीपत्रकात वेगवेगळे टप्पे छापतं, ते वाचा. नुसती फाइल उघडलेले, म्हणजे अर्ज सुरू केलेले, ढोबळमानाने १२,०००. त्यांपैकी नॉमिनेशन, म्हणजे लोकप्रतिनिधीची अधिकृत शिफारस, मिळालेले चारेक हजार. अभ्यास, तब्येत आणि शारीरिक चाचणी या सगळ्यांत पात्र ठरलेले दोन हजारांच्या आसपास, आणि प्रवेश सुमारे १,२००. म्हणजे सगळे टप्पे पार करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं आत जातात. हार्वर्डच्या टक्क्यांशी याची तुलना होऊच शकत नाही, कारण तिथे अर्धवट सोडलेला अर्ज मोजत नाहीत.

खडकवासल्याच्या एनडीएची पदवी जेएनयूची असते, पण तिथे निवड झालेल्या मुलाला आपल्याकडे कुणी कॉलेजचा रँक विचारत नाही. एसएसबी (सैन्याची निवड-मुलाखत) निघाली का, मेडिकल झालं का, सर्व्हिस कोणती मिळाली, एवढंच विचारतात. मला तीच पद्धत योग्य वाटते.

तुमच्या मुलासाठी खरी तुलना वेस्ट पॉइंट विरुद्ध आरओटीसी (साध्या कॉलेजात शिकता शिकता मिळणारं लष्करी अधिकाऱ्याचं प्रशिक्षण) अशी आहे. रटगर्समध्येही आर्मी आरओटीसी आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर फी सुटते, आणि पदवीनंतर तोही सेकंड लेफ्टनंटच होतो, फक्त चार वर्षं त्याने सिव्हिलियन कॉलेजात काढलेली असतात. वेस्ट पॉइंटनंतर किमान ५ वर्षं सक्रिय सेवा आणि पुढची ३ राखीव दलात. एअर फोर्समध्ये वैमानिक झाला तर प्रशिक्षण संपल्यावर १० वर्षं. पहिली दोन वर्षं कोणतंही देणं न लागता बाहेर पडता येतं; तिसरं वर्ष सुरू होताना शपथ घेतली की मग बाहेर पडणाऱ्याला सेवा करावी लागते किंवा खर्च परत करावा लागतो. विसाव्या वर्षी ही शपथ घ्यायला तो मनापासून तयार असेल का, हे तुम्हा दोघांनी त्याच्याशी बोलायला हवं. सैन्यात जायचंच नसेल, तर रँक कितीही वरचा असो, ती जागा दुसऱ्या कुणाची आहे.

जायचं असेल तर आधी तब्येतीच्या जुन्या नोंदी काढा. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचं निदान किंवा इन्हेलरची चिठ्ठी असेल तर मेडिकलमध्ये अपात्र ठरवतात आणि मग सूट मागत बसावं लागतं. आपल्या मुलांचं इथेच अडलेलं मी पाहिलंय. शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा असतो. पळण्याची तयारी सगळे करतात, हा प्रकार मात्र ऐनवेळी जड जातो, तेव्हा आतापासून अंगणात सराव करू द्या.

नॉमिनेशन तुमच्या भागाचे काँग्रेस प्रतिनिधी, न्यू जर्सीचे दोन्ही सेनेटर आणि उपराष्ट्राध्यक्ष या सगळ्यांकडे मागता येतं, आणि सगळ्यांकडे मागावं. प्रत्येक कार्यालयाचा फॉर्म आणि मुदत वेगळी असते. बऱ्याच मुदती बारावीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात संपतात, म्हणून या उन्हाळ्यातच चारही कार्यालयांच्या तारखा लिहून ठेवा.